मधली तीन वर्षे

२०२५ च्या जून महिन्यात भामरागडच्या बाजूच्या एका मुलीसोबत आम्ही एका महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीपाशी उभे होतो. मुलीचे वय वीस. हाती बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. खिडकीमागच्या गृहस्थांनी कागद चाळले आणि विचारले, "मधली तीन वर्षं काय करत होतीस?" मुलीने मान खाली घातली. "गॅपचं शपथपत्र आण, मग बघू."

शपथपत्राला आमची हरकत नाही. खंडाच्या काळात अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता, एवढेच त्यात लिहावयाचे असते. हरकत आहे ती प्रश्नामागच्या सुराला. पापनिवेदनाला आलेल्या माणसाशीदेखील आम्ही धर्मगुरू त्या सुरात बोलत नाही.

काय करत होती ती? २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ती नववीत होती. शिक्षण मोबाइलवर आले, आणि तिच्या गावात मोबाइलला रेंज नव्हती. वसतिगृहातून घरी आलेली मुलगी घरच्या कामाला जुंपली गेली ती गेलीच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपाने, पावसाळ्यात धानाची रोवणी, आणि बारा महिने आजारी आई. दोन धाकटे भाऊ शाळेत टिकले ते हिच्या मजुरीवर. याला आपण 'खंड' म्हणतो! तिच्या आयुष्यात त्या तीन वर्षांत खंड असा एका दिवसाचाही नव्हता.

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला १९८२ साली. दोन्ही जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ आले २०११ मध्ये. विद्यापीठ गडचिरोलीत आले, हे चांगलेच झाले. परंतु त्याच्या दाराशी पोहोचण्यापूर्वी किती मुले गळतात, याचा हिशेब कोण ठेवतो? सक्तीच्या व मोफत शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षी संपते, आणि नेमक्या त्याच वयात जंगलातील मूल कमावते होते.

परतीची वाट नाही असे नाही. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून शाळेबाहेरच्या मुलाला दहावीला व पुढे बारावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचीही सोय आहे. तेथे पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय सोडविता येतो. मात्र सतरा नंबरचा अर्ज साधारणपणे जुलै-ऑगस्टच्या सुमारास भरावयाचा असतो, तोही संगणकावरून. म्हणजे नेमका रोवणीच्या दिवसांत, पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होण्याच्या दिवसांत! हे वेळापत्रक आखणाऱ्याने चिखलात पाय घातला नसावा.

सरकारला बोलणे सोपे आहे. आता थोडे आपल्याच घरात पाहू. शाळेच्या फाटकावर 'निकाल १०० टक्के' असा फलक लावण्याची हौस आपल्या लोकांनाही आहे. तो फलक कसा रंगतो, हे आम्ही पाहिले आहे. नववीतल्या कच्च्या मुलाच्या बापाला बोलावून सांगावयाचे, "याला बाहेरून बसवा, सतरा नंबर भरा." जो अर्ज बाहेरच्यांना आत घेण्यासाठी आहे, तोच आतल्यांना बाहेर काढण्यासाठी वापरला जातो. नव्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाला शोधणाऱ्या मेंढपाळाचे चित्र ज्या भिंतीवर, तिच्याचखाली हा सल्ला दिला जावा!

यावर शिक्षकबंधू म्हणतात, "फादर, अशांना घेतले तर दर्जा घसरेल." दर्जा म्हणजे जर केवळ न अडखळलेल्यांची निवड असेल, तर त्यात शिक्षकाचे कर्तृत्व ते काय? मिस्सानंतर अंगणात आयाही आम्हांला अडवतात. "आता विशीत कॉलेजला पाठवायची, तर लग्न कधी?" भावांच्या फीसाठी सोळाव्या वर्षी तेंदूच्या फळीवर उभी राहिली तेव्हा तिचे वय कुणी मोजले नव्हते.

आम्हा धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी वियान्नी यांचे बालपण फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत गेले; शाळा अशी फारशी लाभलीच नाही. विशी गाठल्यावर ते पोराटोरांच्या शेजारी लॅटिन शिकावयास बसले. मध्येच सैन्यभरतीने तेही मोडले. १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आजच्या खिडकीवर त्यांचा अर्ज बहुधा परत आला असता.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात धनीही अकराव्या तासाला उभ्या असलेल्यांना विचारतोच, की दिवसभर रिकामे का उभे राहिलात? आम्हांला कुणी कामावर लावलेच नाही, असे ते सांगतात. तो शपथपत्र मागत नाही. उत्तर ऐकून घेतो आणि मळ्यात पाठवितो. या उताऱ्यावर आम्ही इतकी वर्षे प्रवचने दिली. पण आपल्या धर्मग्रामात अकराव्या तासाला उभे कोण आहेत, त्यांची नावे लिहून काढण्याचे आम्हांला सुचले नाही. तो दोष आमचा.

म्हणून मागणे थोडकेच आहे. आपल्या शाळांनी सतरा नंबरच्या मुलांचे संपर्क केंद्र होण्यास नकार देऊ नये. धर्मग्रामाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जातील 'शिक्षण अखंड असावे' अशा अर्थाची अट खोडावी. आमच्याकडील अर्जात ती होती, आम्ही या वर्षी खोडली. आणि जूनच्या पहिल्या रविवारी, रोवणीला अजून अवकाश असताना, मिस्सानंतर शाळा सुटलेल्या मुलामुलींनी आपापले दाखले घेऊन धर्मगुरूंच्या निवासात यावे. संगणक आहे, अर्ज भरणारा शिक्षकही आहे. येताना शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणावा. छायाप्रत चालत नाही.