माळ्यावरची पेटी आणि तिची नवी प्रतिकृती

तेलगावच्या चौकात बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे दोन रस्ते एकमेकांस छेदतात. ऊस आणि कापूस वाहणारी वाहने या वाटेने जातात. अशा बाजारगावातील एखाद्या जुन्या पेढीचा माळा दिवाळीपूर्वी साफ करावयास घेतला, की लाल कापडात बांधलेल्या चोपड्या हाती येतात. आणि त्यांच्या शेजारी कधी कधी पिवळा पडलेला एखादा संगणक, चार-दोन फ्लॉपी. आजोबांची चोपडी उघडली तर उधारीची नोंद अजून वाचता येते. फ्लॉपीतले मात्र काहीच उलगडत नाही.

अशाच जुन्या संगणकांना आता नवा जन्म मिळत आहे. १९८२ साली ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आणला. रबरी कळा, जास्तीत जास्त ४८ किलोबाइट मेमरी, पडदा म्हणून घरचाच टीव्ही आणि माहिती साठविण्यास गाण्यांची साधी कॅसेट, एवढाच त्याचा संसार. एक खेळ सुरू होण्यास चार-पाच मिनिटे कर्कश आवाज ऐकत बसावे लागे. त्याच वर्षी अमेरिकेत कमोडोर ६४ आला. या दोन्ही यंत्रांच्या हुबेहूब दिसणाऱ्या प्रतिकृती रेट्रो गेम्स या ब्रिटिश कंपनीने काढल्या. पूर्ण आकाराचा कमोडोर २०१९ च्या अखेरीस आणि स्पेक्ट्रम नोव्हेंबर २०२४ मध्ये.

या पेट्यांच्या आत जुने यंत्र नसते. आजच्या काळातील एक लहानसा प्रोसेसर जुन्या संगणकाचे सोंग वठवितो. खेळ आधीच भरलेले असतात. त्यामुळे कॅसेटचा आवाज नाही आणि वाट पाहणेही नाही. २०१८ मध्ये आलेल्या कमोडोरच्या छोट्या प्रतिकृतीवरील कळा तर केवळ शोभेच्या आहेत, त्या दाबल्या जात नाहीत. ग्राहकाने खरेदीपूर्वी एवढे पारखून घ्यावे. माल आणि वेष्टन यांतला फरक व्यापारी घराला निराळा शिकवावा लागत नाही.

प्रश्न असा, की ही ओढ नेमकी कशाची? भारतात त्या काळी घरी संगणक असणे हे अपवादाचेच होते. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. खेड्यापाड्यांतील बहुतेक मुलांनी त्याचे केवळ चित्र पाहिले. पुढे नव्वदीत बाजारात कीबोर्डच्या आकाराचे टीव्ही-गेम आले; कॅसेट खोचली की भावंडे आळीपाळीने खेळत. म्हणून आज चाळिशी-पन्नाशीतील गृहस्थ प्रतिकृती विकत घेतो, तेव्हा तो पुष्कळदा हरवलेली वस्तू परत आणत नसतो. तेव्हा न मिळालेली वस्तू मिळवीत असतो. ही इच्छा निर्मळ आहे. मात्र चार दिवस खेळून ती पेटी पुन्हा माळ्यावरच जाणार असेल, तर खर्चाबरोबर केवळ संग्रहच वाढला.

व्यापारी घरांशी संगणकाचे खरे नाते खेळाने जोडले गेले नाही, हिशेबाने जोडले गेले. बंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका गिरण्या-कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. आपल्या व्यवसायाचा हिशेब ठेवील अशी संगणकीय प्रणाली त्यांना हवी होती. ती त्यांचे पुत्र भारत गोयंका यांनी लिहिली. १९८६ साली सुरू झालेला हा उद्योग पुढे टॅली या नावाने दुकानादुकानांत पोहोचला. पित्याची अडचण पुत्राने विद्येने सोडविली, त्याची ही कथा. भारत गोयंका यांना २०२० साली पद्मश्री मिळाली.

जुन्या घरगुती संगणकाचा एक गुण मात्र आजच्या मुलांना दाखविण्याजोगा आहे. तो सुरू केला की पडद्यावर काही नाचत नसे. यंत्र आज्ञेची वाट पाहत थांबे. १० क्रमांकाची ओळ, २० क्रमांकाची ओळ असे बेसिक भाषेत लिहिले, तरच ते काही करी. आणि चूक झाली तर ती आपलीच, हेही तत्क्षणी कळे. आजचा मोबाइल न मागताच समोर सारे मांडतो. नातवाशेजारी बसून आजोबांनी मुद्दल, दर आणि मुदत घालून व्याज काढणारी चार ओळींची प्रणाली लिहवून घेतली, तर प्रतिकृतीची किंमत वसूल झाली असे समजावे. त्यासाठी महागडी पेटीच हवी असेही नाही. हा सराव घरच्या साध्या संगणकावरही होतो.

परंतु त्याआधी माळ्यावरच्या फ्लॉपी खाली उतरवाव्यात. त्यांवरील चुंबकीय थर काळाने क्षीण होतो आणि त्या वाचणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. एखाद्या फ्लॉपीत वडिलांनी टंकलेली खतावणी असेल, एखादीत बहिणीच्या लग्नाची निमंत्रितांची यादी. जाणकाराकडून ती वाचवून घ्यावी, नव्या जागी दोन प्रती ठेवाव्यात आणि महत्त्वाची पाने कागदावर छापून चोपड्यांच्या शेजारी बांधून ठेवावीत. खेळाची प्रतिकृती बाजारात पुन्हा मिळेल. वडिलांच्या हातची ती खतावणी बाजारात मिळणार नाही.