पडून राहण्याचं व्याज

अमेरिकेतल्या राखीव वैमानिकाला फोन आला, की साधारण दोनेक तासांत विमानतळावर हजर! किती तासांत, ते सरकार नाही, कंपनी-युनियनचा करार ठरवतो. 2014 पासूनचा सरकारी नियम म्हणतो, असं तयारीत राहणं एका खेपेला 14 तासांपेक्षा जास्त नको. पण गंमत बघा. हीच वाट विमानतळावर बसून पाहिली तर फ्लाइट ड्यूटीत धरतात. घरी पाहिली तर नाही! आणि घर तरी कसलं? बिऱ्हाड परगावी असलेले कित्येक जण विमानतळाजवळ भाड्याच्या खोलीत दाटीवाटीनं पडतात, अंघोळीलासुद्धा फोन साबणाशेजारी ठेवून. किमान पगाराची हमी असते म्हणा. पण बँकेत पैसा नुसता पडून राहिला तरी व्याज चढतं हो! माणूस पडून राहिला तर फ्लाइट ड्यूटीच्या खात्यावर शून्य? हा ताळेबंद कुठल्या ऑडिटरनं पास केला, त्याची सही मला बघायचीय.