पॉलिग्राफ नेमके काय मोजतो?

पॉलिग्राफ खोटे पकडतो, हे विधान मुळातच सैल आहे. हे यंत्र मोजते ते श्वासाची लय, रक्तदाब, नाडी आणि बोटांवरचा घाम. चाचणीत 'खून तू केलास का?' या प्रश्नाबरोबर 'आजवर कोणाला फसवले आहेस का?' असा मोघम प्रश्नही पेरलेला असतो. निर्दोष माणूस दुसऱ्याला अधिक बिचकेल आणि गुन्हेगार पहिल्याला, हे गृहीतक. पण निरपराध माणसालाही खुनाच्या प्रश्नाने दरदरून घाम फुटू शकतो. उलट, सोव्हिएत संघाला गुपिते विकणारा सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्यांतून सहीसलामत सुटला. अटक झाली १९९४ मध्ये.

नजर चुकवणारा खोटारडा, ही समजूतही तितकीच कच्ची. संशोधक बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात समोरच्याच्या वागण्या-बोलण्यावरून खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरली. नाणे उडवले तरी ५० टक्के मिळतात! पोलिसांसारखे अनुभवी लोकही फारसे सरस ठरले नाहीत.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात संमतीविना पॉलिग्राफ, नार्को व ब्रेन मॅपिंग चाचण्यांना मनाई केली. संमतीने घेतलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतःहून पुरावा ठरत नाही. तिच्या आधारे पुढे एखादी वस्तू वा माहिती हाती लागली, तर तेवढीच ग्राह्य धरता येते.