वस्तू कुणाच्या मापाची?

वर्धा शहराला लागून असलेले नालवाडी हे गाव आमच्या पुष्कळ वाचकांच्या जाण्यायेण्यातले आहे. १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे येथे राहावयास आले. त्या वेळी गावात अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांचीच वस्ती मोठी होती. सूतकताई आणि कातडे कमावणे असे दोन उद्योग पुढे येथे चालले. हे सारे आज आठवण्याचे कारण असे, की हल्ली जिकडे तिकडे एक नवा विचार म्हणून सांगितला जातो : वस्तू बनवायची तर ती वापरणाऱ्या माणसाची गरज आधी पाहावी. विचार चांगला आहे. पण ही गरज कोणी ठरवायची, हा प्रश्न नालवाडीच्या मातीत फार पूर्वीच विचारला गेला आहे.

आधी चरख्याचे पाहू. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या बक्षिसाच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्र वजनाला हलके असावे. खेड्यातील साध्या झोपडीत ते हाताने किंवा पायाने चालवता यावे. एखाद्या बाईला फारसे न थकता त्यावर आठ तास काम करता यावे आणि तेवढ्या वेळात १६ हजार वार सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये. यंत्र वीस वर्षे टिकावे आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या शेकडा पाचापेक्षा अधिक नसावा. झोपडीची जागा, बाईची ताकद, दुरुस्तीचा पैसा, सगळ्याचा विचार या अटींत आहे. ज्याने कोणी त्या लिहिल्या त्याचे डोळे उघडे होते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. बक्षीस मात्र शेवटपर्यंत कुणालाच मिळाले नाही.

पण या अटी यंत्राच्या होत्या. आठ तास राबून बाईच्या हातात किती पैसे पडावेत, याची अट त्यांत नव्हती. नालवाडीत विनोबांनी केवळ कताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग स्वतः करून पाहिला आणि तेवढ्यात माणसाचे भागत नाही हे दिसून आले. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवण्याचे ठरवले. विनोबांच्या या सचोटीला आम्ही नावे ठेवीत नाही. मात्र एवढे विचारतो, की कातणाऱ्या बाया तर त्याच मजुरीवर कितीतरी आधीपासून दिवस काढीत होत्या. मग त्यांना विचारायचे कुणाला का सुचले नाही? प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात गांधीवादाची झडती घेताना हेच दाखवून दिले. दोष यंत्रात नसून समाजाच्या रचनेत आहे, आणि यंत्राने कष्ट हलके झाल्याशिवाय गरिबाला फुरसत मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा उद्योग चर्मालयाचा. नालवाडीचे चर्मालय १९३५ मध्ये निघाले आणि गोपाळराव वाळुंजकरांनी ते चालवले. आपोआप मेलेल्या जनावराचे कातडे नीट कमावून त्याच्या चपला-जोडे करावेत, असा हेतू होता. उद्योग म्हणून त्यात वावगे काही नव्हते. पण त्याच्या आठ वर्षे आधी, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या परिषदेने सवर्णांना सांगितले होते, की आपली मेलेली जनावरे आपणच पुरा. तुमचे काम आम्ही सोपे करून देतो, असे एकाने म्हणावे, आणि हे काम आमच्याच वाट्याला का, असे दुसऱ्याने विचारावे! या दोन वाक्यांतले अंतर ज्याला समजत नाही, त्याने वापरणाऱ्याच्या गरजेवर व्याख्यान देऊ नये.

चपलेवरून विनयपिटकातील एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. महावग्गात चामड्याच्या वस्तूंवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे, चम्मक्खंधक. अवंती-दक्षिणापथातून सोण कुटिकण्ण नावाचे भिक्खू भगवान बुद्धांकडे आले. त्यांचे आचार्य महाकात्यायन यांनी त्यांच्याबरोबर पाच विनंत्या पाठवल्या होत्या. त्यांतली एक पायांची. आमच्याकडची जमीन काळी, कठीण, गुरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली. एका तळाच्या चपलेने तिथे चालवत नाही. भगवंतांनी नियम पुढे करून त्यांना परत पाठवले नाही. त्या प्रदेशातील भिक्खूंना अनेक पदरी तळाच्या चपला वापरण्याची मोकळीक दिली. उन्हाळ्यात वर्ध्याच्या काळ्या रानातून अनवाणी गेलेल्या माणसाला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगायला नको.

आता घरात येऊ. १९८३ नंतर सरकारने देशभर सुधारित चुली वाटल्या. २००२ मध्ये ती योजना बंद झाली. धूर बायकांच्या डोळ्यांत आणि छातीत जाऊ नये, हा हेतू उत्तमच होता. पण पुष्कळ घरांत ती चूल टिकली नाही. तोंड लहान, म्हणून सरपण बारीक फोडावे लागे. भाकर तव्यावरून काढून निखाऱ्याशी उभी करायला जागा पुरत नसे. धुराचे नळकांडे काजळीने भरले की साफ कोण करणार? मग लोकांना सुधारणा नको असते, असा ठपका बायांवरच आला. ज्वारीची भाकर कशी फुगते हे चूल आखणाऱ्याने एकदा चुलीपुढे बसून पाहिले असते, तर तो ठपका द्यायची वेळ आली नसती.

बसून पाहणे, उतरून पाहणे याला मोल आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. मजूर राहतात कसे तेही त्यांनी पाहिले. पुढे १९४५ मध्ये खाणीवर काम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघरे असावीत, असा वटहुकूम निघाला. फाइलीत खाण दिसते, खाणीच्या तोंडाशी कपड्यात गुंडाळून ठेवलेले मूल दिसत नाही.

वर्ध्याकडे कापसाची वेचणी आजही मुख्यतः आमच्या माताभगिनींच्याच हाताने होते. लुगड्याची नाहीतर ओढणीची ओटी बांधायची, ती भरत जाईल तसे वजन कमरेवर घ्यायचे, वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटे सोलून घ्यायची आणि मजुरी किलोवर. वेचणीसाठी हातात धरायची छोटी यंत्रेही निघाली आहेत. त्यांच्या जाहिरातीत तासाला किती कापूस निघतो ते असते. हात किती दुखतो ते नसते.

म्हणून वेचणीला जाणाऱ्या भगिनींना आमची विनंती आहे. पिशवी खांद्याला असावी की कमरेला, केवढी असावी, बोटांना काय बांधले तर कापूसही सुटतो आणि कातडेही वाचते, आणि तुमच्यापैकी कुणी स्वतःच काही युक्ती केली असेल तर ती काय, हे आम्हास कळवा. लिहिणे जमत नसेल तर घरातील शाळकरी मुलाला सांगा, तो लिहील. आलेली पत्रे याच सदरात छापू.