तावदानाचे माप व हाताचे माप

नवरात्र जवळ आले की आमच्या औंधास घरोघर जळमटे निघू लागतात, डबे-भांडी अंगणात येतात, आणि ज्यांच्या घरांस काचेची तावदाने आहेत त्यांस ती पुसण्याची आठवण होते. एरवी काचेकडे कोणी पाहत नाही. सारे तिच्यातून पलीकडे पाहतात. गेल्या वर्षी या कामी आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगावी की झाकावी, या विचारात बरेच महिने गेले. परंतु तीच चूक दुसऱ्या घरी होऊ नये, म्हणून आज ती वाचकांपुढे ठेवीत आहो.

पेन्शनीच्या कामासाठी साताऱ्यास गेलो असता एका दुकानात काच पुसण्याची रबरी पट्टी दिसली. लोक तीस वायपर म्हणतात. धातूच्या खोबणीत बसविलेली रबराची फीत आणि मधोमध मूठ, एवढेच तिचे स्वरूप. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या एत्तोरे स्टेकोने नावाच्या गृहस्थाने १९३६ साली या हलक्या पट्टीचे पेटंट घेतले. त्यापूर्वीची पट्टी जड असे, आणि तिचे रबर बदलावयाचे तर डझनभर स्क्रू काढावे लागत. हा गृहस्थ ओकलंड शहरी स्वतः खिडक्या पुसण्याचा धंदा करीत असे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्याचे मनगट दुखत होते त्यानेच सुधारणा केली.

आम्ही मात्र जन्मात कधी तावदान पुसले नव्हते. दुकानात सहा इंचांपासून अठरा इंचांपर्यंत मापे होती. मोठ्या वस्तूत बचत असते या सर्वमान्य समजुतीस अनुसरून आम्ही अठरा इंची उचलली व घरी येऊन ती वहिनींच्या हाती दिली. वहिनींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि "बरं, भाऊजी" एवढेच म्हणाल्या. त्या दोन शब्दांचा अर्थ तेव्हा कळावयास हवा होता.

आमच्या माडीच्या खिडक्या जुन्या. प्रत्येक झडपेस लाकडी पट्ट्यांनी विभागलेली तीन तावदाने, प्रत्येक सुमारे नऊ इंच रुंद. अठरा इंची पट्टी त्या लाकडांवरच टेकून राही आणि रबर काचेस शिवतही नसे. ती खुंटीस टांगली गेली, आणि वहिनींनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने जुने धोतर व वर्तमानपत्राचा बोळा घेऊन काम उरकले. येथे आम्ही गप्प बसतो तर बरे होते. पण वस्तू वाया गेली हे मनास लागले. वरच्या नव्या खोलीत चार फूट रुंदीची अखंड काच आहे. "तेथे तरी वापरून पाहा," असा आम्ही आग्रह धरला.

वहिनी स्टुलावर चढल्या. पट्टी लांब, म्हणून एका हाताने दाब पुरेना. दुसरा हात लावला. धरावयास हात उरला नाही. पाय सरकला आणि उजव्या मनगटाचे हाड चिरकले. अडुसष्टाव्या वर्षी सहा आठवडे प्लास्टर! वहिनींनी एका शब्दाने दोष दिला नाही. त्या दिवसांत देवाची फुलेही त्यांनी डाव्या हाताने वेचली.

पुढे आम्ही ही विद्या शिकलो, आणि वहिनींच्याच देखरेखीखाली. मोठ्या पट्टीने काम किती वाचते, याचे त्रैराशिक मांडून पाहिले. दर ओढीस मागच्या ओढीवर दोन इंच चढावे लागते, नाहीतर मध्ये पाण्याची रेघ राहते. चार फुटी काचेस अठरा इंची पट्टी तीन वेळा ओढावी लागते, बारा इंची पाच वेळा. वाचल्या त्या दोन ओढी! उलट अठरा इंची पट्टीस सर्वत्र सारखा दाब देण्यास दीडपट जोर हवा. तरण्या, उंच माणसास ती शोभेल. सांसारिक बाईमाणसास नव्हे. आम्ही बारा इंची आणली आणि तिच्या मुठीत काठी बसविली. आता पाय जमिनीवर राहतात व स्टूल लागत नाही.

जुन्या तावदानांचा हिशेब निराळा. तेथे पट्टी तावदानाच्या रुंदीएवढी असली तर एका ओढीत काम होते; पण नेमकी तेवढी असता ती लाकडात अडकते. म्हणून आतल्या रुंदीपेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी ठेवावी. सगळी तावदाने मोजावीत, कारण जुन्या सुताराच्या हातची दोन तावदाने क्वचितच सारखी असतात, आणि सर्वांत अरुंद असेल त्यावरून माप धरावे. बाजारी मापांत बसत नसेल तर मोठी आणून धातूची खोबण करवतीने कापून घ्यावी. रबर मात्र दोन्ही टोकांस धातूच्या किंचित बाहेर राहिले पाहिजे, अन्यथा धातू लाकूड खरवडतो. आम्ही दहा इंची आणून पावणेनऊवर आणली.

पाण्यात साबण नावापुरता असावा. ऊन काचेवर असता हे काम करू नये, साबण वाळून डाग धरतो. तावदानाची वरची कड आधी फडक्याने कोरडी करून तेथून पट्टी खाली आणावी, आणि प्रत्येक ओढीनंतर रबर पुसावे. रबराची एक धार झिजली की उलटून दुसरी वापरता येते.

हे लिहिताना बालपणीचे कंदील आठवतात. औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघर होता, आमच्याही घरी होता. त्याची काच राखेने घासण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे असे, कारण त्याचाच हात आत जाई. तेथे माप आधी हाताचे पाहत. आमच्या पूर्वजांची मापेही अंगुल, वितस्ति, हस्त अशी देहावरूनच घेतलेली. बारा अंगुलांची वितस्ति, चोवीसांचा हस्त. वितस्तीची आपली वीत झाली. शाळेत हे आम्ही वर्षानुवर्षे शिकविले, आणि दुकानात उभे राहिलो तेव्हा एकदाही आठवले नाही.

अठरा इंची पट्टी आता न्हाणीघरातल्या फरशीचे पाणी लोटते. यंदा पावणेनऊ इंची पट्टीचे रबर बदलावयाचे आहे. वहिनींनी दोऱ्यास गाठी मारून माप दिले आहे, आणि दोरा हरवल्यास नवा न मागता परत यावे, असेही बजावले आहे.