आधी चाचणी, मग परवाना

प्रति,
भारताचे औषध महानियंत्रक,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली.

विषय : गिधाडांना मारणारी जनावरांची औषधे आपोआप बाद करण्याची, २०२० साली कागदावर आलेली आणि तिथेच राहिलेली व्यवस्था.

महोदय,

१७, १८ आणि १९ फेब्रुवारी २०२५. मध्य प्रदेशात तीन दिवस उजाडण्यापूर्वी माणसे कड्यांखाली आणि घरट्यांच्या झाडांखाली जाऊन बसत होती. वनरक्षकांच्या जोडीला स्वयंसेवक होते. गळ्यात दुर्बीण, हातात तक्ता आणि नियम एकच : बसलेले गिधाड मोजायचे, उडणारे सोडून द्यायचे, म्हणजे एकच पक्षी दोनदा धरला जाणार नाही. सोळा वनवृत्तांतून आकडे गोळा झाले आणि बेरीज आली १२,९८१. २०१९ साली हीच बेरीज ८,३९७ होती, २०२४ साली १०,८४५.

बेरीज वाढली याचा आम्हा जबलपूरकरांना आनंद आहे. पण मोजणाऱ्यांना तिच्या आतले हिशेबही ठाऊक असतात. राज्यात दिसणाऱ्या सात जातींपैकी तीन हिवाळी पाहुण्या आहेत, उन्हाळा लागला की त्या उत्तरेला परततात. इथेच घरटी करणाऱ्या चार जातींपैकी पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड, लांब चोचीचे गिधाड आणि राज गिधाड या तीन जाती आजही ‘अतिसंकटग्रस्त’ आहेत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारात एक उरले. त्या एकापासून पुन्हा उभे राहणे चालले आहे आणि त्याला वेळ लागतो : गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे जातात.

कारण आपल्या कार्यालयाला नव्याने सांगण्याची गरज नाही. गाय-बैलाला वेदनाशामक टोचले, जनावर दगावले, गिधाडांनी ते खाल्ले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. शवविच्छेदनात हृदय-यकृतावर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर दिसतो. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा हा गुन्हा जानेवारी २००४ मध्ये सिद्ध झाला आणि मे २००६ मध्ये जनावरांसाठी त्याचे उत्पादन थांबवण्याचा आदेश निघाला. दोन वर्षांत सरकार हलले, याचे श्रेय तेव्हाच्या अधिकाऱ्यांना दिलेच पाहिजे.

त्यानंतर काय झाले?

माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुप्यांतून मिळत राहिले आणि गोठ्यात पोहोचत राहिले. नोव्हेंबर २००७ ते जून २०१० या काळात ११ राज्यांतल्या अडीचशेहून अधिक औषध दुकानांची पाहणी झाली. जनावरासाठी औषध हवे, असे सांगितल्यावर ३६ टक्के दुकानांत डायक्लोफेनॅक मिळाले. पाहणी संपली तेव्हा बंदीला चार वर्षे झाली होती. कुपी ३ मिलिलिटरची करण्याचा आदेश निघाला जुलै २०१५ मध्ये, म्हणजे बंदीनंतर नऊ वर्षांनी. औषध कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि २०१७ साली मद्रास उच्च न्यायालयाने आदेश कायम ठेवला.

किटोप्रोफेन हे दुसरे वेदनाशामकही गिधाडाला मारते, हे २०१० पर्यंत प्रसिद्ध झाले होते. जनावरांसाठी बंदी आली ३१ जुलै २०२३ रोजी. तेरा वर्षे गेली. असेक्लोफेनॅक गाईच्या शरीरात गेले की त्याचे डायक्लोफेनॅकच होते, हे २०१६ साली छापून आले. बंदी त्याच ३१ जुलै २०२३ ची. सात वर्षे. निमेसुलाइडवरचा संशय २०१६ साली शोधनिबंधात नोंदला गेला. बंदी डिसेंबर २०२४ मध्ये. आठ वर्षे.

ही वर्षे कोणी भरली? मेलेल्या गिधाडांनी. एखादे औषध घातक आहे, हे कळण्यासाठी आधी पक्षी मरावे लागले, मग त्यांची शवे प्रयोगशाळेत जावी लागली, मग निबंध, मग समित्या, मग अधिसूचना. तोवर ते औषध परवान्यासह, बिलासह, दुकानाच्या फळीवर विकले जात होते.

आणि प्रमाण किती लागते? शास्त्रज्ञांच्या हिशेबानुसार शंभर मृत जनावरांपैकी एकाहूनही कमी जनावरात प्राणघातक मात्रेचे डायक्लोफेनॅक असले, तरी गिधाडांचा एवढा ऱ्हास घडून येतो. एका बैलावर डझनावारी पक्षी उतरतात. भोपाळजवळच्या केरवा केंद्रात दशकभर गिधाडे सांभाळली, वाढवली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांतली सहा हलाली धरणाच्या परिसरात मोकळी सोडली. एक टोचलेले मढे त्या सहांना एका सकाळीत संपवू शकते.

गडचिरोलीत गावकरी ‘गिधाडमित्र’ म्हणून काम करतात. गावात जनावर दगावले की वनविभागाला कळवतात, आणि तपासणीनंतर ते गिधाडांच्या ‘उपाहारगृहा’त नेऊन टाकले जाते. रायगडमध्ये म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला महाडच्या सिस्केप संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे घरट्यांवर पहारा ठेवला, गावाला सोबत घेतले, पक्ष्यांना अन्न मिळेल याची तजवीज केली. दुर्गंधीत उभे राहून, पदरमोड करून माणसे हे करतात. त्यांच्या हातात नसलेली एकच गोष्ट आहे : मांसात मुरलेले औषध. ते डोळ्यांना दिसत नाही, वासाने कळत नाही. ते गोठ्यात पोहोचू न देण्याचा अधिकार कायद्याने आपल्या यंत्रणेकडे दिला आहे.

जबलपूरला हे अधिक जवळून कळते. नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे, वन्यजीवांच्या न्यायवैद्यक तपासाचा त्याचा विभागही इथेच. जनावरांना कोणते इंजेक्शन द्यावे, हे ठरवणारे डॉक्टर इथे घडतात. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे, हे २००६ सालीच दाखवून दिले गेले. पुढे टोल्फेनॅमिक ॲसिडही चाचणीत सुरक्षित ठरले. म्हणजे जनावराची वेदना आणि गिधाडाचा जीव यांत निवड करण्याची सक्ती कोणावरही नाही. पशुपालकाकडून काहीही हिरावून घ्यायचे नाही.

हा प्रश्न पक्षीप्रेमींपुरता मानला जात असेल, तर आणखी एक आकडा समोर ठेवावा लागेल. गिधाडे गेली, मढी कुजत राहिली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. २००० ते २००५ या काळात त्यामुळे देशात सुमारे ५ लाख माणसे जास्तीची मेली, असा अंदाज २०२४ साली एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषध नियंत्रण हे माणसांच्या आरोग्यासाठीच असते ना?

केंद्र सरकारचा गिधाड संवर्धन कृती आराखडा २०२० ते २०२५ या काळाचा होता. त्यात आपल्याच पदाचा उल्लेख करून स्पष्ट लिहिले होते : एखादे औषध गिधाडांना विषारी ठरले, की ते पशुवैद्यकीय वापरातून आपोआप बाद होईल, अशी व्यवस्था औषध महानियंत्रकांनी उभी करावी. आराखड्याची मुदत संपली. त्या काळात ज्या तीन औषधांवर बंदी आली, ती ‘आपोआप’ आलेली नाही. प्रत्येकासाठी वर्षानुवर्षे पत्रे, निवेदने आणि पुरावे द्यावे लागले. सरकारने सरकारला दिलेला शब्द मोडला गेला आहे, आणि त्याची जबाबदारी आपल्या कार्यालयाची आहे.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. गिधाडांवरील सुरक्षिततेची चाचणी पार पडल्याशिवाय गाई-म्हशींसाठीच्या कोणत्याही नव्या वेदनाशामकाला परवाना देऊ नये. आज बाजारात असलेल्या आणि अजून न तपासलेल्या औषधांची विक्री चाचणी पूर्ण होईपर्यंत थांबवावी. औषध दुकानांची तपासणी दरवर्षी व्हावी आणि तिचे निकाल जिल्हावार जाहीर व्हावेत. जबलपूरच्या नागरिकांना जबलपूरचा आकडा कळलाच पाहिजे. आणि २०२० साली लिहिलेली ती व्यवस्था अधिसूचना काढून, तारखेसह लागू करावी.

पुढच्या गणनेला स्वयंसेवक पुन्हा पहाटेच्या थंडीत कड्याखाली बसतील. त्यांच्या तक्त्यात जातीचा रकाना असतो, संख्येचा असतो, घरट्याचाही असतो. त्या दिवसाआधी आपल्या अधिसूचनेची तारीख त्यांना कळावी.

एक मराठी नागरिक,
जबलपूर