दहा अँपिअरचा प्रश्न

आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीत गेल्या महिन्यात एक ठराव मंजूर झाला. संध्याकाळी सातनंतर संस्थेची गाडी बाहेर काढायची असेल तर सोबत पुरुष ड्रायव्हर असलाच पाहिजे. ठराव मांडणारी बाई, अनुमोदन देणारीही बाई. अकरा जणींपैकी दहा जणींनी हात वर केले. अकरावी मी.

मैत्रिणींनो, घरातली भांडणं चव्हाट्यावर आणू नयेत असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. आपण बाकीच्या बायकांना नेमकं त्याच्या उलट सांगत आलो. तेव्हा आता आपल्या घरातलं मी मांडते.

ठरावाचं कारण ठरलेली ती रात्र माझ्या अंगावरून गेली आहे. ऊसतोडीचा हंगाम होता. बार्शी तालुक्यातल्या एका गावातून एक बाई आणि तिची दोन लेकरं घेऊन आम्ही दोघी कार्यकर्त्या सोलापूरला निघालो होतो. तिथं तिच्या राहण्याची सोय केली होती. ती कुठं चालली आहे हे कुणालाही कळता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्या रात्री महत्त्वाची होती. गाडी मी चालवत होते. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, मागं दिवा नाही की लाल कागद नाही. मी त्यांच्या नावानं बोटं मोडत होते.

वैराग मागे पडलं आणि समोरच्या मीटरवरचे दिवे एकदम विझले. हेडलाइट चालू होते, इंजिन चालू होतं, म्हणून मी तशीच पुढे गेले. थोड्या वेळानं एका मोटारसायकलवाल्यानं शेजारी येऊन ओरडून सांगितलं, की तुमच्या गाडीचे मागचे दिवे बंद आहेत. म्हणजे आमचीही बिनदिव्याची ट्रॉलीच झाली होती. त्या रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकला आम्ही दिसणार नव्हतो, आणि मागच्या सीटवर दोन लेकरं झोपलेली.

तेव्हा मागून ती बाई म्हणाली, "ताई, फ्यूज उडला असंल. आमच्या घरचा मीच बांधते."

आणि मी, समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेतलेली, 'स्त्रियांचं ज्ञान' या विषयावर शिबिरात दोन-दोन तास बोलणारी मी, म्हणाले, "गाडीचं वेगळं असतं हो."

वेगळं नव्हतं. फ्यूजच उडाला होता. पण हे आम्हाला कळलं ते पुढच्या ढाब्यावर थांबल्यावर, एका पुरुषाकडून. बॉनेट उघडण्याआधीच सात-आठ जण गोळा झाले होते. कुठल्या तुम्ही, एवढ्या रात्री कुठं, मागं कोण बसलंय? एकानं गाडीत डोकावून पाहिलं. ज्यानं दुरुस्ती केली त्यानं सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फ्यूजला गुंडाळून बसवला, दिवे लागले, आणि "बायांनी रात्रीचं असं फिरू नये" हा सल्ला फुकट दिला. डोकावणाऱ्यानं तिला ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा चार माणसं घेऊन आमच्या कार्यालयाच्या दारात उभा होता, सोलापूरचं नाव घेत. आम्हाला तिला दुसऱ्या जिल्ह्यात हलवावं लागलं. थोरल्या लेकीची शाळा त्या वर्षापुरती बुडाली.

आता ठरावाकडे येते. त्या रात्री पुरुष ड्रायव्हर असता तर? त्याला फ्यूज बदलता आला असता, असं गृहीत धरून आपण चाललो आहोत. ज्याला 'येत होतं' त्यानं काय केलं ते पाहा. आठवड्याभरात गाडीच्या डॅशबोर्डमागून जळका वास यायला लागला. गॅरेजातल्या इलेक्ट्रिशियननं मागचं दार उघडून दाखवलं. नंबरप्लेटच्या दिव्याकडे जाणारी तार बिजागरीपाशी घासून सोलली गेली होती आणि गचका बसला की पत्र्याला टेकत होती. फ्यूज उडून हेच सांगत होता. त्या कागदानं त्याचं तोंड बंद केलं, आणि मग तारेचं आवरण वितळायला लागलं. आणखी चार दिवस गेले असते तर गाडीनं पेट घेतला असता. त्याच गाडीतून आपण बायकांना नेतो.

फ्यूज म्हणजे काही गूढ विद्या नाही. प्रेशर कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह काय करतो? आतली वाफ जाऊ शकली नाही, कुकर तापत गेला, तर त्यातला मऊ धातू वितळतो आणि कुकर फुटण्याआधी स्वतः जातो. फ्यूज तेच करतो. तारेला सोसेल त्यापेक्षा जास्त वीज वाहू लागली तर आतली पट्टी वितळते आणि तार वाचते. व्हॉल्व्ह गेला म्हणून भोकात चिंच कोंबून कुकर चढवणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. आपण त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह आणून बसवतो. गॅसचा सिलिंडरही आपणच बदलतो, रेग्युलेटरचा खटका लागला की नाही ते कान देऊन ऐकतो. ते स्फोटक काम स्वयंपाकघरात आहे म्हणून बाईचं, आणि नखाएवढा फ्यूज रस्त्यावर आहे म्हणून पुरुषाचं!

तर ऐका, कसं करायचं. (ठरावाच्या वादात ही माहिती हरवू नये म्हणून मध्येच सांगते.) गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, सगळे दिवे बंद करा, किल्ली काढा. बहुतेक गाड्यांत एक फ्यूजपेटी ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डच्या खाली असते. दुसरी बॉनेटखाली, बॅटरीच्या आसपास. झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत नकाशा असतो. आधी आठवा की काय काय एकदम बंद पडलं. आमचे मीटरवरचे दिवे आणि मागचे दिवे एकाच वेळी गेले होते. इतके बल्ब एकदम जात नाहीत, दोष त्यांच्या सामाईक वाटेवर असतो. नकाशात ती वाट शोधा. पेटीत बहुधा प्लास्टिकचा छोटा चिमटा असतो, त्यानं फ्यूज सरळ ओढून काढा आणि बॅटरीच्या उजेडात धरा. आतली धातूची पट्टी तुटलेली किंवा काळवंडलेली दिसली, की तोच. आता त्याच्या पाठीवरचा आकडा वाचा. हल्लीच्या पात्यांच्या फ्यूजमध्ये रंगही ठरलेले आहेत. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लालच्या जागी लालच. मोठा आकडा बसवणं म्हणजे तो चंदेरी कागदच. आणि नवाही लगेच उडाला तर तिसरा लावत बसायचं नाही, तार कुठंतरी टेकते आहे असं समजून गॅरेज गाठायचं.

आमच्या पेटीच्या झाकणातच जास्तीचा लाल फ्यूज ठेवलेला होता. त्या रात्रीही. दुकानात तो दहा-वीस रुपयांना मिळतो.

बैठकीत एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "गाडीचे फ्यूज हा काय आपल्या चळवळीचा प्रश्न आहे? गाडी असणाऱ्या बायका किती?" ताईंबद्दल मला आदर आहे, पण प्रश्न गाडीच्या मालकीचा नाहीच. त्या रात्री गाडीत तिघी मोठ्या बायका होत्या. फ्यूज म्हणजे काय हे माहीत असलेली एकच होती, आणि तिच्या नावावर घरही नव्हतं. उपासमार ज्ञानाची नव्हती, ते ज्ञान आहे असं मानण्याची होती. यात पुरुषसत्ता आहेच, पण माझी पदवीही आहे.

यंत्र बाईच्या हाताला नवं नाही. १८८८ साली जर्मनीत बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मोटारीनं मानहाइमहून फोर्टझ्हाइमला गेली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो. वाटेत तुंबलेली इंधनाची नळी तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली आणि उघड्या पडलेल्या तारेला मोज्याचा पट्टा गुंडाळला, असं सांगतात. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या तंत्रनिकेतनात विजेचं शिक्षण घेऊन १९८०च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत आल्या. २०२३ साली त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. आणि आपण, बायकांची संघटना, सात वाजल्यानंतर व्हॅनची किल्ली काढून घेतो.

मारहाण काय सात वाजता थांबते? आपल्याकडे येणारे फोन रात्री दहानंतरचे असतात. पुरुष ड्रायव्हर मिळेपर्यंत त्या बाईनं कुठं बसायचं, हे ठरावात लिहिलेलं नाही. कायद्याची शिबिरं आपण घेतो, २००५चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आपल्या कार्यकर्त्यांना कलमांसकट पाठ आहे. पण टायर बदलणं, फ्यूज पाहणं, बॅटरीची टोकं घासणं यांसाठी एक रविवार आपल्याला कधी काढता आला नाही.

पुढच्या बैठकीत मी ठराव मागे घेण्याची सूचना मांडणार आहे. पाठोपाठ दुसरी सूचना: महिन्याच्या पहिल्या रविवारी कार्यालयाच्या अंगणात गाडी उघडायची, आणि गाडी चालवणारी-न चालवणारी प्रत्येकीनं निदान एक फ्यूज काढून परत बसवायचा. त्या बाईला मी निरोप पाठवला आहे. तिनं विचारलं, "मी कशाला, तुमच्यात शिकलेल्या हायत की." मी पुन्हा निरोप पाठवला आहे. व्हॅनच्या कप्प्यात सध्या लाल पाच, निळे तीन, पिवळे दोन फ्यूज आणि एक बॅटरी ठेवली आहे.